ट्रायकॉप्टरचं शेपूट वळवळत होतं, ते असं थांबवलं

मालवणला किनाऱ्यावर उडवायला घरीच ट्रायकॉप्टर, म्हणजे ३ पंख्यांचा ड्रोन, बांधलाय, पंखे ३ असल्यामुळे त्यांचा पीळ (ड्रोनला उलट फिरवणारा जोर) आपोआप कटत नाही, म्हणून सर्वो (हव्या त्या कोनात वळणारी छोटी मोटर) मागची मोटर डावी-उजवी कलवतो आणि तोंड सरळ राहतं. ओझरला बनलेल्या सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमानाचं नोझल (इंजिनाचा झोत सोडणारं तोंड) वळतं ना, तत्त्व तेच. तर आमचं शेपूट हवेत सारखं वळवळायचं. जो तो म्हणे पीआयडी (ड्रोन स्वतःला कसा सावरतो ती सेटिंग) बघ, यॉचा (तोंड डावं-उजवं वळण्याचा) पी, म्हणजे किती जोरात सावरायचं तो आकडा, कमी कर. केला, तर वळवळ कमी पण वाऱ्यात तोंडच भरकटायला लागलं. मग मोटर बोटाने हलवून बघितली, सर्वो गप्प आणि मोटर खुळखुळतेय! खाऱ्या हवेने बिजागरीचा स्क्रू गंजून झिजलेला. स्टेनलेसचा टाकला, बॉल लिंक (सर्वोला मोटरशी जोडणारा सांधा) नवीन, पी परत वाढवला. आता झकास. उडवून झालं की ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने मीठ जात नाही.