रास्पबेरी पायवर मीडिया सेंटर उभारताना या चुका टाळा

रास्पबेरी पाय (पुढे नुसते ‘पाय’) या छोट्या एक-बोर्डी संगणकावर कोडी हे व्हिडिओ चालवणारे सॉफ्टवेअर टाकून तो टीव्हीला जोडला की मीडिया सेंटर तयार होते. त्यावर व्हिडिओ अडखळायला लागला की बहुतेक जण मेमरी कार्ड पुसून सगळी सिस्टिम नव्याने टाकतात. त्याने क्वचितच काही सुटते. दोष बहुधा कोडीत नसतो; तो अडॅप्टरमध्ये असतो, एचडीएमआय केबलमध्ये असतो किंवा फाइल ज्या कोडेकमध्ये (व्हिडिओ आवळून साठवण्याच्या पद्धतीत) आहे त्यात असतो. म्हणून आधी वीज तपासा, मग फाइल, मग टीव्हीची जोडणी, आणि बाकीच्या सेटिंग्ज शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमके कशाने जमले ते कळत नाही. पुढचे सगळे पाय ४ किंवा पाय ५ वर लिब्रेईलेक (कोडी चालवण्यापुरतीच बनवलेली छोटी लिनक्स सिस्टिम) टाकले आहे असे धरून लिहिले आहे.

मोबाइलच्या चार्जरवर भागवणे

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि पाय ५ ला ५.१ व्होल्ट, ५ अँपिअरचा. ‘माझा चार्जर ६५ वॅटचा आहे, मग काय अडचण?’ हा हिशेब इथे चुकतो. असे चार्जर आपली खरी ताकद ९, १५ किंवा २० व्होल्टवर देतात. ५ व्होल्टवर त्यांची मजल साधारण ३ अँपिअरपर्यंतच असते, आणि पायला तर ५ व्होल्टच हवे असतात. त्यात चार्जिंगची केबल लांब आणि बारीक असली तर थोडे व्होल्टेज तिच्यातच खर्ची पडते. पाय ४ ला मिळणारे व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले की प्रोसेसरचा वेग आपोआप उतरवला जातो. पडद्यावर त्याचा इशारा दिसेलच असे नाही. दिसतो तो फक्त अडखळणारा व्हिडिओ.

खात्री करणे सोपे आहे. एखादी जड फाइल दहा मिनिटे चालू द्या आणि ती चालू असतानाच एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून पायला कमांड देण्याच्या सोयीने) आत जाऊन ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही कमांड द्या (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायची). उत्तर ०एक्स० आले तर वीज ठीक आहे. ०एक्स५०००० म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले होते आणि वेगही उतरवला गेला होता. ०एक्स५०००५ म्हणजे हे दोन्ही आत्ता, या क्षणी चालू आहे. मेनूवर असताना तपासून उपयोग नाही, तेव्हा बोर्डावर भारच नसतो.

हार्ड डिस्क जोडली की ताण वाढतो. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर मिळाला तर ते १.६ अँपिअर देतात, पण ३ अँपिअरचा असेल तर जेमतेम ६०० मिलिअँपिअर. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना सुमारे १ अँपिअर खेचू शकते. डिस्कमधून टक्-टक् आवाज येणे, लायब्ररीतले चित्रपट गायब होऊन पुन्हा दिसणे ही त्याची लक्षणे. यावर उपाय स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. पाय ५ वरची ही मर्यादा कॉन्फिग फाइलमधून (कार्डवरच्या बोर्डाच्या सेटिंग्जच्या फाइलमधून) उठवता येते, पण अडॅप्टर कमजोर असताना ती उठवू नका. मर्यादा जाते, अडॅप्टरची ताकद मात्र तेवढीच राहते.

‘फोर-के चालतो’ यावर विसंबणे

रिझोल्यूशनपेक्षा कोडेक महत्त्वाचा, आणि सर्वांत जास्त निराशा इथेच होते. पाय ४ चे हार्डवेअर एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, फोर-के सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत उलगडते, एच.२६४ मात्र १०८०पी पर्यंतच. पाय ५ मध्ये हार्डवेअरने उलगडला जातो तो फक्त एचईव्हीसी. तिथे एच.२६४ प्रोसेसरवर चालतो. १०८०पी साठी ते पुरेसे आहे, आणि नवा बोर्ड असून ही सोय का काढली म्हणून हळहळायचे कारण नाही. व्हीपी९ आणि एव्ही१ या कोडेकसाठी दोन्ही बोर्डांत हार्डवेअर नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा: फोनने किंवा ड्रोनने काढलेले फोर-के चित्रण एच.२६४ मध्ये असेल तर पाय ४ वर ते रखडणारच, मग सेटिंग कोणतीही बदला. यूट्यूबचा फोर-के व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये येतो, म्हणून कोडीच्या यूट्यूब अ‍ॅड-ऑनमध्ये कमाल दर्जा १०८०पी आणि कोडेक एच.२६४ ठेवा. १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारी) एच.२६४ फाइलही हार्डवेअरला पेलत नाही. १०-बिट एचईव्हीसी मात्र सहज चालते.

फाइल चालू असताना कीबोर्डवरची ‘ओ’ ही कळ दाबा. डीकोडरच्या नावापुढे कंसात एचडब्ल्यू दिसले तर काम हार्डवेअर करते आहे, एसडब्ल्यू दिसले तर प्रोसेसर. एसडब्ल्यू आणि फोर-के एकत्र दिसले की शोध संपला: ती फाइल संगणकावर हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने एचईव्हीसीत बदलून घ्या.

माणसांचे चेहरे हिरवे-जांभळे दिसत असतील तर टीव्हीला दोष देऊ नका. ती फाइल डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या (उजेड-अंधार आणि रंग जास्त तपशिलाने दाखवणाऱ्या चित्राच्या) प्रकारातल्या प्रोफाइल ५ ची असते, जिच्यात साध्या एचडीआरचा थर नसतो. पाय एचडीआर१० दाखवू शकतो, डॉल्बी व्हिजन नाही.

पैसे भरून घेतलेल्या स्ट्रीमिंग सेवांबद्दलही आधीच ठरवा. पायवर वाइडव्हाइन या कॉपी-संरक्षणाचा सर्वांत वरचा एल१ स्तर मिळत नाही, म्हणून अशा सेवा बऱ्याचदा कमी दर्जाचेच चित्र पाठवतात. तेच मुख्य काम असेल तर हा बोर्ड घेऊ नये. स्वतःच्या संग्रहासाठी मात्र तो उत्तम आहे.

चुकीचा पोर्ट, चुकीची केबल, जुने सल्ले

पाय ४ वर दोन मायक्रो-एचडीएमआय पोर्ट आहेत. टीव्ही वीजजोडणीच्या शेजारच्या पोर्टलाच लावा, कारण ६० हर्ट्झचा फोर-के तिथूनच निघतो. त्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये ‘एचडीएमआय_एनेबल_४केपी६०=१’ ही ओळही लागते. पाय ५ ला तिची गरज नाही. केबल १८ गिगाबिटची हवी. मधूनच दोन सेकंद पडदा काळा होणे किंवा चित्रात पांढरे ठिपके चमकणे हे केबलचे काम. मायक्रो-एचडीएमआयचा छोटा कनव्हर्टर लावण्यापेक्षा एका टोकाला मायक्रो पिन असलेली अखंड केबल घ्या. कनव्हर्टर जड केबलच्या वजनाने सैल होतो. अनेक टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘यूएचडी कलर’ असा पर्याय असतो. तो बंद राहिला तर फोर-के एचडीआर मिळत नाही.

चित्र हलताना बारीक हिसके बसतात, पण फ्रेम गळत नाहीत, अशी तक्रार असेल तर कारण रिफ्रेश रेट, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट ६० हर्ट्झवर दाखवायचा तर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. कॅमेरा आडवा सरकतो तेव्हा हे डोळ्यांना खुपते. कोडीत सेटिंग्जची पातळी ‘एक्स्पर्ट’ करा, प्लेअरमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ निवडा. मग डिस्प्लेमध्ये मेनूचे रिझोल्यूशन १०८०पी ठेवून व्हाइटलिस्टमध्ये (कोडीने वापरायच्या मोडच्या यादीत) १०८०पी आणि फोर-के या दोन्हींचे २३.९८, २४, २५, २९.९७, ३०, ५०, ५९.९४ आणि ६० हर्ट्झ यांपैकी टीव्ही जे देतो ते सगळे निवडा. मेनूच फोर-केवर ठेवणे ही मोठी चूक: मेनू जड होतो आणि व्हिडिओला काडीचा फायदा होत नाही.

टीव्ही बंद असताना पाय सुरू झाला तर नंतर पडदा काळाच राहतो. इंटरनेटवरचे जुने लेख यासाठी ‘फोर्स हॉटप्लग’ची (टीव्ही जोडलेलाच आहे असे मानायला लावणारी) ओळ टाकायला सांगतात, आताच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर ती निष्प्रभ आहे. टीव्ही चालू ठेवून एसएसएचवर ‘गेटईडिड क्रिएट’ ही कमांड द्या आणि बोर्ड पुन्हा सुरू करा. टीव्हीची माहिती कार्डवर साठवली जाते. जीपीयूची (ग्राफिक्स चिपची) मेमरी वाढवण्याचा सल्लाही त्याच जुन्या काळातला, तो सोडून द्या.

आवाज

चित्र आहे, आवाज नाही: आधी ऑडिओ आउटपुट दुसऱ्या एचडीएमआयवर तर नाही ना ते बघा. काही फाइलींनाच आवाज नसेल तर पासथ्रू (आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणे) तपासा. फक्त टीव्ही असेल तर पासथ्रू बंद ठेवा आणि चॅनल २.० करा. रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर तो जे उलगडतो तेवढेच पर्याय चालू करा. डीटीएस (सराउंड आवाजाची एक पद्धत) न समजणाऱ्या टीव्हीला डीटीएस पाठवले की शांतता. पासथ्रूमध्ये कोडीचा व्हॉल्यूम चालत नाही, तो बिघाड नव्हे.

डिस्क आणि नेटवर्क

यूएसबी ३ च्या डिस्क आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. डिस्क लावल्यावर वाय-फाय मंदावला किंवा वायरलेस रिमोट अडखळू लागला तर हेच कारण. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, रिमोटचा डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने डिस्कपासून लांब काढा. त्याहून चांगले म्हणजे सरळ इथरनेट.

नासवरून (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवरून) फाइल चालवताना फाइल शेअरिंगच्या एसएमबी पद्धतीऐवजी एनएफएस वापरून बघा, पायवर त्याचा भार कमी पडतो. डिस्कची फाइल सिस्टिम फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावत नाही. कायम पायलाच जोडलेली राहणार असेल तर ईएक्सटी४ सर्वांत भरवशाची.

कार्ड एवढ्या वेळा खराब का होते, याचे उत्तर बहुतेकदा भिंतीवरच्या बटणात असते. लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते. आधी कोडीच्या मेनूतून शटडाउन, मगच बटण.

फाइलींची नावे आणि सबटायटल

चित्रपट एका फोल्डरमध्ये, मालिका दुसऱ्यात. चित्रपटाच्या नावापुढे कंसात वर्ष लिहा. मालिकेच्या भागाला एस०१ई०१ या पद्धतीने रोमन अक्षरांत क्रमांक द्या. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही मिसळले की पोस्टर आणि माहिती हटकून चुकीची येते.

देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाँटमध्ये ती अक्षरे नाहीत. नोटो सान्स देवनागरीची टीटीएफ फाइल कोडीच्या मीडिया फोल्डरमधल्या फाँट्समध्ये टाका आणि सबटायटलसाठी तो फाँट निवडा. चौकोनांऐवजी विचित्र चिन्हे दिसत असतील तर फाँट बदलून उपयोग नाही. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.