इस्राएलने राजा मागितला: १ शमुवेल ८ वाचताना या चुका टाळा

बायबल स्टडीत हा अध्याय (इस्राएलचे लोक शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागतात तो) निघाला की "राजा मागणं हेच पाप" असं म्हणून सगळे पुढे सरकतात. पण बायबलमधल्या अनुवाद ह्या पुस्तकाचा १७ वा अध्याय उघडून बघा, राजाचे नियम तिथे आधीच दिलेत, घोडे, बायका, सोनं-चांदी फार वाढवायची नाही, नियमशास्त्राची (देवाने दिलेल्या आज्ञांची) नक्कल स्वतःसाठी लिहून ठेवायची आणि आयुष्यभर वाचायची. म्हणजे राजा येणार हे देवाला माहीत होतं. खरी गडबड लोकांनी राजा मागताना वापरलेल्या "इतर सगळ्या राष्ट्रांसारखा" ह्या शब्दांत आहे.

राजा मागायला आलेल्या इस्राएलच्या वडीलमंडळींना मूर्ख ठरवायची पण घाई करू नका. शमुवेल म्हातारा झालेला, त्याची पोरं योएल आणि अबीया बैर-शेब्यात न्यायाला बसून लाच खात होती, तक्रार शंभर टक्के खरी होती. शमुवेलाच्या रामा गावी येऊन त्यांना ह्या दोघांना काढा असं म्हणता आलं असतं, पण मागितलं वेगळंच, आणि आपली प्रार्थना पण बऱ्याचदा अशीच होते बघा, दुखणं खरं असतं पण औषध आपण आधीच ठरवून आलेलो असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सातवा अध्याय सोडून थेट आठवा वाचणं. मिस्पा इथे जमलेल्या इस्राएलवर पलिष्टी (त्यांचं शत्रू राष्ट्र) चालून आले तेव्हा शमुवेलाने कोकराचा होम करून प्रार्थना केली, परमेश्वर गर्जला आणि शत्रूची दाणादाण उडाली, मग एबन-एजरचा दगड उभा केला, इथपर्यंत परमेश्वराने साहाय्य केलं म्हणून. आणि पुढच्याच अध्यायात हेच लोक म्हणतात, आमच्या पुढे चालून लढाया करायला राजा पाहिजे! असं का झालं ते समजत नसेल तर १२ वा अध्याय वाचा, अम्मोन्यांचा राजा नाहाश चालून येतोय हे बघून ते घाबरले होते. भीती वाटली की डोळ्यांना दिसणारा आधार हवासा वाटतो, मला तरी हे वाचताना त्यांचा राग येत नाही, पोटात कालवतं.

आठव्या अध्यायातली ११ ते १७ वचनं, राजा तुमच्याकडून काय काय घेईल हा शमुवेलाचा इशारा, रटाळ म्हणून सोडू नका, "घेईल, घेईल" किती वेळा येतं मोजा: मुलगे रथांसाठी, मुली स्वयंपाकाला, शेतं, द्राक्षमळे, धान्याचा दहावा भाग. पुढे शलमोन राजाने ३०,००० माणसं वेठीला धरून पाळीपाळीने लबानोनात पाठवली, आणि त्याच्या मुलाने, रहबामाने, शखेमात लोकांवरचं कष्टाचं जू हलकं करायला नकार दिला तेव्हा राज्यच फुटलं.

आणि देवाची सत्ता मानायची म्हणजे कुठलाच पुढारी नको असाही अर्थ काढू नका, ह्याच अध्यायात देव शमुवेलाला तीनदा सांगतो, त्यांचं ऐक.

राजा दिल्यावर देवाने त्यांना सोडून दिलं असं वाटत असेल तर परत १२ व्या अध्यायातच या. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत गडगडाट होऊन पाऊस पडतो, लोक थरथर कापतात, आणि ज्याला त्यांनी बाजूला सारलं तोच शमुवेल म्हणतो, भिऊ नका, तुमच्यासाठी प्रार्थना करणं मी सोडलं तर ते माझं परमेश्वराविरुद्ध पाप होईल.