आरओएस प्रोबची पहिली ओळख: पेशी हिरव्या दिसल्या, पुढे काय?

रिअॅक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज (आरओएस), म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे अतिक्रियाशील रेणू, मोजायचे ठरले की नवशिक्याच्या हातात बहुधा डीसीएफएच-डीए या प्रोबची, म्हणजे ऑक्सिडेशन झालं की चमकणाऱ्या रसायनाची, कुपी येते. माझी सुरुवातही तिथूनच झाली. वापरायला सोपं आणि पेशी हिरव्या चमकल्या की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण त्याआधी सांगा, तुम्हाला नेमका कोणता रेणू मोजायचाय? सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिनायट्राइट यांचं आयुष्यही वेगळं आणि वागणंही. तिघांना मिळून ‘आरओएस’ म्हणणं बोलायला सोयीचं, एवढंच.

डीसीएफएच-डीए पेशीत शिरलं की एस्टरेज नावाची विकरं त्याचे अॅसिटेट गट तोडतात. उरलेल्या डीसीएफएचचं ऑक्सिडेशन होऊन डीसीएफ बनतं आणि 488 नॅनोमीटरच्या लेझरखाली ते 525च्या आसपास चमकतं. किटबरोबरच्या कागदात एवढंच असतं. खरी गोम अशी की डीसीएफएच हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट जवळपास भिडतच नाही. मध्ये लोह, सायटोक्रोम सी (मायटोकॉन्ड्रियातलं एक प्रथिन) किंवा पेरॉक्सिडेज हे विकर लागतं. त्यामुळे अपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या नियोजित मृत्यूत, सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियाबाहेर पडलं, तर पेरॉक्साइड न वाढताही पेशी जास्त हिरव्या दिसू शकतात. वर या अभिक्रियेत मधे तयार होणारं रॅडिकल ऑक्सिजनला धरून स्वतःच सुपरऑक्साइड बनवतं. म्हणजे चोर मोजायला बसवलेला पहारेकरीच चोऱ्या करतोय! मायक्रोस्कोपचा प्रकाशही हे ऑक्सिडेशन घडवतो, म्हणून एकाच जागी लेझर लावून बसू नका, आणि सगळ्या नमुन्यांना एक्स्पोजर सारखंच ठेवा.

डायहायड्रोएथिडियम या दुसऱ्या प्रोबची तऱ्हा वेगळी. सुपरऑक्साइडमुळे 2-हायड्रॉक्सिएथिडियम बनतं, इतर ऑक्सिडेशनमुळे एथिडियम, आणि दोन्ही लालच. खात्रीने वेगळे काढायचे तर एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीला) पर्याय नाही. मायटोसॉक्स म्हणजे याचीच मायटोकॉन्ड्रियात जमणारी आवृत्ती. ते जास्त घातलं तर मायटोकॉन्ड्रियालाच बाधतं, तेव्हा मात्रा आधी स्वतःच्या पेशींवर ठरवा. बोरोनेट प्रोब पेरॉक्साइडसाठी बरे, पण पेरॉक्सिनायट्राइटशी त्यांची अभिक्रिया त्याहून कैक पटींनी जलद होते.

कंट्रोलवर मात्र वेळ घालवा, तिथे कंजुषी नको. प्रोब न घातलेल्या पेशी हव्यात, फक्त डीएमएसओ (प्रोब ज्यात विरघळवतात ते द्रावक) दिलेल्या हव्यात. पेशी नसलेल्या माध्यमात प्रोब आणि तुमचं औषध एकत्र ठेवूनही पाहा. काही औषधं स्वतःच चमकतात, काही प्रोबला थेट ऑक्सिडाइज करतात. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून पेशीत आरओएस वाढवणारं मेनाडायोन चालतं. सिग्नल खरोखर पेरॉक्साइडचा असेल तर पेशीत शिरून पेरॉक्साइड तोडणाऱ्या पेग-कॅटलेज या विकराने तो खाली यायला हवा. एन-अॅसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटने सिग्नल उतरला, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया फार मंद असते आणि ते ग्लुटाथायोन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंटही वाढवतं. प्रोब घालताना सीरमविरहित माध्यम घ्या, कारण सीरममधले एस्टरेज बाहेरच प्रोब तोडतात. माध्यमातला फिनॉल रेड हा रंगही टाळा.

पेशींमध्ये जनुक घालायची सोय असेल तर हायपर किंवा आरओजीएफपी2-ओआरपी1 हे पेशी स्वतःच बनवते असे पेरॉक्साइडचे प्रथिन-प्रोब बघाच. दोन्ही रेशोमेट्रिक, म्हणजे दोन तरंगलांबींच्या चमकेचं गुणोत्तर मोजणारे, असल्याने एखाद्या पेशीत प्रोब कमी-जास्त भरला तरी आकडा हलत नाही. जुनं हायपर मात्र पीएचला बळी पडतं. त्यासोबत पेरॉक्साइडला दाद न देणारं पण पीएच दाखवणारं सायफर कंट्रोल म्हणून चालवावं लागतं. 2020चं हायपर7 त्या बाबतीत बरंच स्थिर आहे.

आणि वहीत ‘आरओएस वाढले’ असं लिहू नका. ‘डीसीएफची चमक वाढली’ असं लिहा, शेजारी प्रोबची मात्रा, वेळ आणि एक्स्पोजर. मार्गदर्शकांना सुरुवातीला ते मिळमिळीत वाटेल, पण रिव्ह्यूअर नेमकं तेच विचारतो.