अर्धवट आठवणारी विज्ञान कादंबरी शोधताय? या चुका टाळा

कव्हरच्या रंगावर विसंबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "निळं कव्हर होतं, एवढं पक्कं आठवतंय," असं छातीठोक सांगणारा माणूस पुष्कळदा लायब्ररीची बांधणी आठवत असतो. वाचनालयातलं पुस्तक फिरून फिरून खिळखिळं झालं की बाइंडर त्याच्या कडा कापतो, जाड पुठ्ठा चढवतो, पाठीवर कापडाची पट्टी लावतो आणि तिच्यावर दाखल क्रमांकाची चिठ्ठी डकवतो. शेजारची रहस्यकथा, पाककृतींचं पुस्तक आणि शिवचरित्रही त्याच निळ्या पुठ्ठ्यात उभं असतं. या भानगडीत कधी कधी शीर्षकाचं पानही गहाळ होतं. मग नाव आठवत नाही म्हणून स्वतःला कशाला बोल लावायचा? ते तुम्ही वाचलेलंच नसेल.

त्यापेक्षा पुस्तक आलं कुठून ते आठवा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० पासूनचं. तिथून आणलं होतं, की महिन्याची वर्गणी घेणाऱ्या गल्लीतल्या लायब्ररीतून? बालविभागातून, की आईच्या कार्डावर? या एका उत्तराने निम्मी कपाटं बाद होतात. आणि 'विज्ञानकथा' असा वेगळा कप्पा असेलच असं धरून चालू नका. जुन्या लायब्रऱ्यांत ही पुस्तकं रहस्यकथा, बालसाहित्य किंवा अनुवादित यांत कुठेही घुसवलेली असतात.

दुसरी चूक 'कादंबरी' या शब्दाला चिकटून बसण्याची. दिवाळी अंकांनी एकेकाळी 'संपूर्ण कादंबरी' म्हणून भल्यामोठ्या कथा छापल्या, त्यातल्या कित्येक पुस्तकरूपात आल्याच नाहीत. 'नवल'सारखे अंक घरोघरी जपले जायचे. नाशिकहूनच निघणारं 'अमृत' हे डायजेस्टही अनेक घरांत यायचं. नाशिकरोडचे, प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका चंद्रावरच्या वसाहतीची एक 'जाडजूड कादंबरी' शोधत होते. "शेवटी सगळे मरतात," हीच त्यांची खूण, आणि अशा खुणेने अर्धी विज्ञानकथा आपल्या पदरात पडते! खोदून विचारल्यावर म्हणाले, पानाच्या खाली उरलेल्या जागेत दंतमंजनाची जाहिरात होती. पुस्तकात जाहिरात कशी असेल? अंकच असणार. मेहुण्याच्या माळ्यावरच्या गठ्ठ्यात ती सापडली, साठ-पासष्ट पानांची दीर्घकथा. लहानपणी वाचलेलं सगळं जाडच वाटतं.

कथानकाचं सार सांगू नका, ही याचीच पुढची पायरी. यंत्रमानव बिघडतो, परग्रहावरचे येतात, वेळेत मागे जातात, हे शेकडो पुस्तकांत आहे. बारीक आणि विचित्र तेवढंच कामाचं: पात्राचं टोपणनाव, एखादा शोधलेला पदार्थ, चित्रातला माणूस डावखुरा होता का.

आणि कृपा करून सगळं नारळीकरांच्या नावावर घालू नका. २०२१ साली नाशिकला भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष, त्यामुळे आपल्याकडे विज्ञानकथा म्हटली की तेच नाव तोंडात येतं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांचीही कपाटं तपासा. शिवाय अंकावर छापलेलं नाव खरं असतंच असं नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत खुद्द नारळीकरांनीच आपली पहिली कथा नारायण विनायक जगताप या नावाने धाडली होती.

वाचलं ते साल आणि लिहिलं ते साल यांचीही गल्लत होते. तोफेतून चंद्राकडे उडालेली माणसं आठवत असतील तर ती ज्यूल व्हर्नची, मूळ फ्रेंच, १८६५ ची. भा. रा. भागवतांसारख्यांनी व्हर्न मराठीत आणला, आणि ऐंशीच्या सुट्टीत तो वाचणाऱ्या पोराला तो ताजा वाटला. रूपांतर असेल तर आणखी पंचाईत. जॉनचा जनार्दन आणि लंडनचं पुणं झालेलं असतं, तेव्हा पात्रांची नावं घेऊन इंग्रजीत शोधून काही हाती लागत नाही. दूरदर्शनही मध्ये लुडबुड करतं. ऐंशीच्या दशकाअखेरीस 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा' पाहिलेल्यांनी आपल्या आठवणीतला कोणता भाग पडद्यावरचा, हे आधी वेगळं काढावं.

इंटरनेटवर शोधताना एकच स्पेलिंग टाकून हार मानू नका. सूचीतल्या नोंदी कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, ऱ्हस्व-दीर्घ ज्याच्या त्याच्या मर्जीने. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांचा मजकूर मशीनला धड वाचता येत नाही, म्हणून वाक्य टाकून शोधलं तर 'काही सापडलं नाही' यावर विश्वास ठेवू नये. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' थोर आहे, पण ती १९५० पर्यंतची, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या पुस्तकासाठी निरुपयोगी.

चॅटबॉटला विचारायला हरकत नाही. फक्त तो नाव, लेखक आणि साल इतक्या सफाईने सांगतो की खरंच वाटावं, आणि तसं पुस्तक जन्मालाच आलेलं नसतं. नाव मिळालं की ते आधी लायब्ररीच्या सूचीत दिसतं का ते बघा, मगच दुकानदाराला ऑर्डर द्या. पुस्तक हातात आल्यावरही तुमची ती विचित्र बारीक खूण आत शोधा. ती नसेल तर ते दुसरंच पुस्तक आहे, कव्हर कितीही निळं असो.