या चुका टाळा : हानिकारक बॅकलिंक काढताना

लातूरचे शिकवणी वर्ग असोत, जालन्याचे बियाणे विक्रेते असोत की छत्रपती संभाजीनगरचे हिमरू-पैठणीचे व्यापारी, अनेकांच्या वेबसाइटसाठी कधी ना कधी 'पाचशे बॅकलिंक, ठरावीक दरात' असे पॅकेज घेतलेले असते. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटकडे येणारी लिंक; गूगलवर वर दिसण्यासाठी ती अशी विकत घेतली जाते. पुढे ऐन प्रवेशाच्या किंवा पेरणीच्या तोंडावर गूगलवरून येणारी चौकशी आटते आणि मग घाईघाईत जी सफाई होते, तिच्यामुळे बऱ्याचदा मूळ दुखण्यापेक्षा अधिक नुकसान होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गूगलने दंड, म्हणजे वेबसाइटवर कारवाई, केली आहे की नाही हे न पाहताच लिंक नाकारायला, म्हणजे 'ही लिंक धरू नका' असे गूगलला कळवायला बसणे. सर्च कन्सोल या वेबसाइट मालकांसाठीच्या गूगलच्या साधनातील 'मॅन्युअल ॲक्शन्स' (गूगलने केलेल्या कारवाया) हे पान आधी उघडावे. तिथे अनैसर्गिक लिंकविषयी सूचना नसेल, तर घसरणीचे कारण बहुधा अन्यत्र असते : नवी वेबसाइट करताना जुने पत्ते बदलले, एखाद्या पानावर 'नोइंडेक्स' (हे पान शोधात दाखवू नका, अशी खूण) राहून गेले, गूगलचे मोठे अपडेट आले, किंवा निव्वळ हंगाम संपला. २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन हे वाईट लिंक पकडणारे गूगलचे अपडेट आले तेव्हा वाईट लिंकमुळे अख्खी वेबसाइट खाली जात असे. सप्टेंबर २०१६ पासूनची पेंग्विनची पद्धत मात्र अशा लिंकचे वजन काढून घेण्याची आहे. त्यामुळे कुठून तरी आपोआप चिकटलेल्या फालतू लिंकची धास्ती घेण्याचे कारण सहसा नसते. डिसअवाऊ हे नको असलेल्या लिंकच्या यादीची फाइल गूगलकडे चढवून त्या नाकारण्याचे साधन स्वतः किंवा आपल्या वतीने कुणी विकत घेतलेल्या लिंकमुळे कारवाई झाली असेल, किंवा होण्याची दाट शक्यता असेल, तेव्हाच वापरायचे आहे.

दुसरी चूक 'टॉक्सिक स्कोअर'वर, म्हणजे लिंक तपासणारी टूल लिंक किती घातक आहे म्हणून जो आकडा देतात त्यावर, डोळे मिटून विश्वास ठेवण्याची. तो आकडा ते टूल विकणाऱ्या कंपनीचा असतो, गूगलचा नव्हे. जालन्याच्या एखाद्या बियाणे विक्रेत्याला परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या जुन्या, मोडक्या दिसणाऱ्या पानावरून लिंक मिळाली असेल, तर टूल तिलाही लाल रंगात दाखवू शकते; ती नाकारणे म्हणजे कमावलेली पत स्वतःच फेकून देणे होय. म्हणून यादी हाताने तपासावी आणि लिंकचा मजकूर, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक दिली आहे ते शब्द, वाचावा. एकमेकांशी संबंध नसलेल्या शेकडो परदेशी ब्लॉगवर 'लातूर नीट क्लासेस' हेच तीन शब्द जसेच्या तसे आले असतील, तर ती लिंक विकत घेतलेली आहे हे सांगायला कोणतेही टूल लागत नाही.

डिसअवाऊसाठीची फाइल तयार करतानाच्या चुका किरकोळ वाटतात, पण त्यांनीच सारी मेहनत वाया जाते. एक्सेल किंवा वर्डची फाइल चालत नाही. यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची एक पद्धत) मधील साधी टेक्स्ट फाइल लागते, दोन एमबीपेक्षा मोठी नको आणि ओळी एक लाखापेक्षा अधिक नकोत. प्रत्येक ओळीवर एकच पत्ता द्यावा. संपूर्ण साइट नाकारायची असल्यास ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षरांत 'डोमेन' व कोलन लिहून लगेच साइटचे नाव लिहावे. नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नुसती नवी दहा नावे चढवणाऱ्याची आधीची सर्व नावे यादीतून निघून जातात.

कारवाई झालेली असेल तर केवळ फाइल चढवून भागत नाही. आधी त्या साइटच्या मालकांना ईमेल करून लिंक काढायला सांगावे, कुणाला कधी लिहिले आणि काय उत्तर आले याची नोंद ठेवावी, आणि गूगलकडे करायच्या फेरविचाराच्या अर्जात लिंक कशा आल्या, त्यांतल्या किती निघाल्या हे सरळ सांगावे. 'आम्हाला काहीच माहीत नाही' या एका ओळीचा अर्ज सहसा टिकत नाही. उत्तराला कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर पुन्हा पुन्हा अर्ज करू नये.

दंड उठल्यावर गूगलच्या शोधातला जुना क्रमांक तसाच परत येईल ही अपेक्षाही चुकीची आहे, कारण त्या क्रमांकातला जो वाटा विकतच्या लिंकमुळे मिळाला होता, तो त्या लिंकबरोबरच गेलेला असतो. ती जागा भरण्यासाठी नव्या एजन्सीकडून पुन्हा पॅकेज घेतले जाते, तेव्हा कारवाईची वेळ पुन्हा येऊ शकते. स्थानिक बातमी पोर्टलला दिवाळीची किंवा प्रवेशाची जाहिरात देण्यात काहीच गैर नाही. मात्र त्या मजकुरातील लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' (लिंक पैसे देऊन दिलेली आहे किंवा तिला वजन देऊ नये, हे गूगलला सांगणाऱ्या खुणा) लावण्यास पोर्टलच्या संपादकांना जाहिरात देतानाच लेखी सांगावे आणि मजकूर प्रसिद्ध झाल्यावर पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून ते लागले आहे का, हे पाहावे.