हापूस फेसबुकवर, क्रोशेचा नमुना रॅव्हलरीवर: जाहिरातीसाठी जागा कशी निवडायची

कोणत्या नेटवर्कवर किती कोटी माणसं आहेत, हा आकडा आधी बाजूला ठेवा. पाहायचं ते एवढंच की तुमचं गिऱ्हाईक पैसे काढण्याआधी आपली शंका कुठे विचारतं.

देवगड हापूसचं बघा. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, आणि आंबा खाणारे सगळे कुठल्या एका कट्ट्यावर जमत नाहीत. पुण्या-मुंबईतलं जवळपास प्रत्येक घर गिऱ्हाईक होऊ शकतं. इथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामच लागणार. पेटी जिथे पोचवता तेवढीच शहरं जाहिरातीत निवडा. ‘खरा देवगडचा का?’ ही सगळ्यांची पहिली शंका, तिचं उत्तर जाहिरातीतच द्या. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमची त्यात नोंदणी असेल तर फोटोत क्रमांक दिसू द्या.

पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण टाळा. त्यातून बहुतेक वेळा लाइक करणारे मिळतात, पेटी घेणारे नाहीत. अॅड्स मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती चालवायच्या पानावर) जाऊन उद्दिष्ट स्वतः निवडा, पण बजेट बघून. जाहिरात कोणाला दाखवायची हे नीट शिकायला मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) यंत्रणेला एका अॅड सेटमागे, म्हणजे एकाच बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटामागे, आठवड्याला साधारण ५० निकाल लागतात. निकाल म्हणजे निवडलेलं उद्दिष्ट एकदा साधणं, जसं एक ऑर्डर. समजा एक ऑर्डर १५० रुपयांना पडते, म्हणजे आठवड्याला ७,५०० रुपये झाले. हाताशी २,००० असतील आणि ‘खरेदी’ हे उद्दिष्ट ठेवलं, तर यंत्रणा शिकत नाही आणि पैसे तेवढे जातात. अशा वेळी व्हॉट्सअॅपवर येणारी चौकशी हाच निकाल धरा. ती १५ रुपयांना पडली तर ५० चौकशा ७५० रुपयांत होतात. उरलेले पैसे पाच वेगवेगळ्या जाहिरातींत वाटू नका, आणि चालू जाहिरातीत रोज हात घालू नका. मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आता क्रोशेचे नमुने, म्हणजे वस्तू कशी विणायची याच्या लेखी सूचना, पीडीएफ करून विकायचे आहेत असं धरा. इन्स्टाग्रामवर बाहुलीच्या रीलला हजारो लाइक येतील, पण त्यातल्या बहुतेकांनी हातात सुई धरलेली नसते. विणणारे २००७ साली सुरू झालेल्या रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळावर असतात, आणि तिथे ते शोधतात लोकरीच्या जाडीने, सुईच्या मापाने, लागणाऱ्या लोकरीच्या लांबीने. म्हणून नमुना चढवताना एकही रकाना रिकामा सोडू नका. सुई मिलीमीटरमध्ये, लोकर मीटर आणि ग्रॅम दोन्हींत, १० सेंटीमीटरच्या चौकोनात टाके किती आणि ओळी किती, हे सगळं भरा. संज्ञा अमेरिकन की ब्रिटिश हे ठळक लिहा: ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ हा अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ असतो. हे लिहायचं राहिलं की टाका उंच किंवा बुटका पडतो, बाहुलीचं माप बिघडतं आणि तक्रार तुमच्याकडे येते.

रॅव्हलरीवर नमुना खपतो तो दुसऱ्यांनी विणून दाखवल्यावर. कोणी तुमचा नमुना विणून आपलं प्रोजेक्ट टाकलं की ते तुमच्या नमुन्याच्या पानाला जोडलं जातं, आणि घेणारा आधी तेच फोटो बघतो. त्यामुळे विक्री सुरू करण्यापूर्वी पाच-सहा जणांकडून चाचणी विणून घ्या. त्यासाठीचे गट तिथेच आहेत. पैशांचीही एक अडचण आहे. तिथे पेपॅलने पैसे घेता येतात, पण पेपॅलने भारतातल्या भारतात व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत. परदेशातलं गिऱ्हाईक तिथे ठेवा, इथल्यांसाठी यूपीआयची वेगळी वाट ठेवा.

मात्र तुम्ही तयार बाहुल्या किंवा शाली विकत असाल, तर रॅव्हलरी तुमच्या कामाची नाही. तिथे जमलेला प्रत्येक जण स्वतःच विणणारा आहे! तयार माल इन्स्टाग्रामवरच दाखवा. विषय एकच असला तरी जागा बदलते.

छोट्या कट्ट्यावर, मग तो रेडिटचा असो की फेसबुकचा गट, पाय ठेवण्याआधी शेवटच्या वीस पोस्ट वाचा. प्रश्नांना उत्तरं येतात का? की नुसत्या जाहिराती एकमेकींवर पडताहेत? तसं असेल तर तिथे वेळ घालवू नका. जिवंत असेल तर नियम वाचा. काही गट जाहिरातीसाठी ठरावीक वार देतात. पहिले तीन-चार आठवडे फक्त लोकांच्या अडचणी सोडवा. नव्या खात्यावरून थेट लिंक टाकली तर रेडिटवर अनेकदा ती आपोआप अडकते, आणि गट सांभाळणारा मॉडरेटर काढून टाकेल तो भाग वेगळाच. खरा खर्च इथे वेळेचा आहे. रोजचा अर्धा-पाऊण तास देता येत नसेल तर हा मार्ग धरू नका.

कुठून काय आलं हे कळायला प्रत्येक जागेला वेगळा सवलतीचा कोड द्या आणि लिंकला यूटीएम (गिऱ्हाईक कुठून आलं हे सांगणारी लिंकच्या शेवटची खूण) जोडा. तरीही ऑर्डर घेताना ‘कुठे पाहिलंत?’ हे विचाराच, कारण गटात वाचून गुगलवर शोधत येणारे कोडमध्ये सापडत नाहीत. हिशोब सहा आठवड्यांनी करा, आणि तुमच्या वेळेचे पैसेही खर्चात धरा. हापूसला मात्र एवढी सवड नसते, तिथे दर आठवड्याला बघा.

जागा कुठलीही निवडा, गिऱ्हाइकाचा फोन किंवा ईमेल त्याच्या परवानगीने पहिल्या ऑर्डरपासून आपल्या वहीत घ्या. टिकटॉक भारतात जून २०२० मध्ये बंद झालं, कू हे भारतीय नेटवर्क २०२४ मध्ये; तिथले फॉलोअर कोणालाच सोबत नेता आले नाहीत. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपर्यंत चालते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर नंबरासोबत ‘सेव्ह करा’ असंही छापा.