फुटपाथ करताना या चुका टाळा (आधी भाजीची ट्रॉली ढकलून बघा)

ठाण्यात पंधराएक वर्षं फुटपाथची कामं बघतोय, चुका त्याच, फक्त पेव्हर ब्लॉकचा रंग बदलतो. नवीन पोरं थ्रीडी घेऊन येतात, त्यात बाकावर कोणीतरी कॉफी पीत बसलेलं असतं आणि लाइटचा डीपी, केबलचा खांब, वडापावची गाडी यातलं काहीच नसतं. अरे बाबांनो आधी सकाळी साडेसातला साइटवर जाऊन उभे राहा, मग कॉम्प्युटर उघडा.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे उंची. बाइकवाले चढू नयेत म्हणून फुटपाथ फूटभर उंच करायचा. मीही केलीय, लपवत नाही. पाचपाखाडीतली एक गल्ली, सोसायट्यांची अकरा गेटं, आणि प्रत्येक गेटपाशी आम्ही फुटपाथ तोडून रस्त्याच्या लेव्हलला आणला. फोटोत झकास दिसत होता. पहिल्याच आठवड्यात एक आजी भाजीची चाकांची ट्रॉली घेऊन आल्या, पहिल्या गेटला उतरल्या, ट्रॉली उचलून परत चढल्या, दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला सरळ रस्त्यावर उतरून रिक्षांच्या मधून चालायला लागल्या. मी म्हटलं आजी वरून चला ना, तर म्हणाल्या, "जिना तूच चढ बाबा, माझे गुडघे गेलेत." आणि बाइकवाले? गेटच्या कडेला कोणीतरी उरलेल्या मालाचा उतार थापून ठेवलेला, त्यावरून आरामात वर.

सगळं उकरून परत केलं. आयआरसी १०३ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीत, २०१२ च्या आवृत्तीतच, उंची जास्तीत जास्त १५० मिमी आणि चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर सांगितलीय, आम्ही ते तेव्हा उघडूनही बघितलं नव्हतं. आता माझ्या कामात गेटपाशी फुटपाथ खाली जात नाही, गाडी वर चढते, रस्त्याच्या कडेला छोटा उतार द्यायचा आणि तेवढ्या पट्ट्यात ६० ऐवजी ८० मिमीचा ब्लॉक टाकायचा. गाड्या अडवायला बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, आहेत की, फक्त मध्ये १.२ मीटर सोडा, नाहीतर व्हीलचेअरपण अडते. काम ताब्यात द्यायच्या आधी मी घरची ट्रॉली, आत पाच किलो कांदे, टोकापासून टोकापर्यंत ढकलतो. जिथे उचलावी लागते तिथे मुकादमाला बोलावतो. मुकादम हसतो, हसू दे.

दुसरं, झाडं. बुंध्याला चिकटवून काँक्रीट ओतायचं म्हणजे "फिनिशिंग". मुळांना ना पाणी ना हवा, मग पावसाळ्यात झाड आडवं झालं की म्हणायचं वारा फार होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला लावली होती, आपण अजून टाइल कापून बुंध्याला गोल बसवतोय. मी मोकळ्या मातीवर पालापाचोळा टाकतो. स्वच्छ दिसत नाही अशी तक्रार येते, येऊ दे. नवीन लावायचं तर ताम्हण, बकुळ, करंज लावा, गुलमोहराच्या फांद्या कटाकट मोडतात.

ब्लॉकखाली पक्कं काँक्रीट आणि सांध्यात सिमेंटची स्लरी हा शॉर्टकट तर बंदच करा, पाणी मुरणार कुठून, आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सांध्यात वाळू, आणि ५० ला १ उतार. लेव्हल मशीन वगैरे ठीक आहे पण मी एक बादली ओततो आणि चहा पिऊन येतो, परत येईपर्यंत डबकं राहिलं असेल तर ते ब्लॉक काढायचे.

अंधांसाठीची पिवळी टाइल खांबात नेऊन संपवू नका. हसू नका, मी स्वतः बघितलंय.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांची जागा ड्रॉइंगमध्येच दाखवा. नाहीतर चणेवाला स्वतःच ठरवतो, आणि तो नेमका तुमच्या १.८ मीटरमध्ये बसतो.

आणि चेंबरचं झाकण ब्लॉकच्या लेव्हलला घ्या रे, नंतर करू म्हणालात की ते कधीच होत नाही.